पतसंस्थेच्या सर्व्हरवर मेमरीचे वाटप: डेडिकेटेड की शेअर्ड? (सल्ला हवा)

अकोटकर: आमच्या पतसंस्थेने जुना आयबीएम पॉवर 720 (पॉवर 7 प्रोसेसर, 64 जीबी मेमरी, एचएमसी या नियंत्रण-कन्सोलसह) घेतला आहे. डेटाबेस, अहवाल आणि चाचणी अशी एआयएक्सची (आयबीएमची युनिक्स प्रणाली) तीन पार्टिशन, म्हणजे एकाच यंत्रात स्वतंत्र सर्व्हरसारखे चालणारे भाग, करायची आहेत. मेमरी डेडिकेटेड (प्रत्येकाला राखीव) द्यावी की शेअर्ड (सामायिक)? खर्चाची मर्यादा 40 हजार रुपये.

नागपूरचा_अ‍ॅडमिन: शेअर्डच घ्या. आमच्याकडे मेमरीचा एकच पूल असून ज्या पार्टिशनला गरज असेल ते त्यातून घेते. गेली कित्येक वर्षे तक्रार नाही.

बडनेरा_९: भाऊ, त्यांचे बजेट वाचले का? शेअर्ड मेमरीला पॉवरव्हीएमची (आयबीएमचे आभासीकरणाचे सॉफ्टवेअर) एंटरप्राइझ आवृत्ती लागते, शिवाय व्हीआयओएस (डिस्क-नेटवर्क वाटून देणारे वेगळे पार्टिशन) लागते आणि पार्टिशनला प्रत्यक्ष अ‍ॅडॅप्टर देता येत नाही.

जुना_एचपीवाला: आमच्या एचपीच्या सेलच्या (प्रोसेसर आणि मेमरी असलेले बोर्ड जोडून बनवलेल्या) यंत्रांवर इंटरलीव्ह्ड आणि सेल-लोकल अशी दोन प्रकारची मेमरी असे. पहिली सर्व सेलवर विखुरलेली, दुसरी जवळची आणि म्हणून वेगवान. तुम्हीही तसाच विचार करावा.

बडनेरा_९: 720 मध्ये प्रोसेसरचे सॉकेटच एक आहे, तेव्हा जवळ-लांबचा प्रश्न येतो कुठे?

वर्धा_डीबीए: डेटाबेसला 16 जीबीची ह्यूज पेजेस (मेमरीचे मोठे सलग तुकडे) द्या. फरक जाणवतो.

यवतमाळ_सर्व्हर: ती पेजेस यंत्र बंद असताना राखून ठेवावी लागतात आणि दुसऱ्या कामाला येत नाहीत, 64 जीबीत तो चैनीचा मामला आहे. डेडिकेटेडच द्या, पण प्रोफाइलमधील (पार्टिशनच्या मांडणीची नोंद) किमान, अपेक्षित आणि कमाल या तीन आकड्यांपैकी कमाल जपून भरा, कारण हायपरव्हायझर (यंत्र पार्टिशनांत वाटणारा सॉफ्टवेअरचा थर) पेज टेबलसाठी (मेमरीच्या पत्त्यांची नोंद) कमाल आकड्याचा 64 वा भाग, दोनच्या पुढच्या घातापर्यंत वर नेऊन, राखून ठेवतो. तिन्हींना कमाल 64 जीबी लिहिलेत तर 3 जीबी कामाआधीच गेले. उलट कमाल फार कमी ठेवली, तर चालू पार्टिशनला त्यापुढे मेमरी देता येत नाही. ते बंद करून प्रोफाइल बदलून पुन्हा सुरू करावे लागते.

नागपूरचा_अ‍ॅडमिन: म्हणूनच शेअर्ड म्हणतो आहे.

वर्धा_डीबीए: अ‍ॅक्टिव्ह मेमरी एक्स्पान्शन घ्या, एआयएक्स मेमरीतच डेटा दाबून बसवते.

बडनेरा_९: त्याचेही वेगळे अ‍ॅक्टिव्हेशन विकत घ्यावे लागते, आणि दाबण्या-सोडवण्याला प्रोसेसर खर्ची पडतो तो निराळा.

अकोटकर: सर्वांचे आभार. चाचणीचे पार्टिशन करणारच नाही. डेटाबेसला 40 जीबी, कमाल 48. अहवालाला 12, कमाल 16. व्याज आकारणीच्या रात्री डीएलपारने (चालू पार्टिशनची मेमरी बदलण्याची सोय) अहवालाचे 4 जीबी डेटाबेसकडे वळवू. 40 हजार यूपीएसच्या बॅटऱ्यांना लावतो. इथे वीज किती वेळा जाते, ते नागपूरकरांना सांगून पटायचे नाही.

नागपूरचा_अ‍ॅडमिन: चाचणी काय मग थेट चालू डेटाबेसवर करणार?