क्रॉसओव्हरच का? लहान गाडी का नको?

स्टेपनी: आयईए या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगभर विकल्या गेलेल्या कारपैकी ४८ टक्के एसयूव्ही होत्या. क्रॉसओव्हरही त्यातच मोजतात. त्याच वर्षी फोर्डने फिएस्टा ही आपली छोटी हॅचबॅक बनवणं थांबवलं. क्रॉसओव्हर म्हणजे शेवटी कारचीच मोनोकॉक, म्हणजे सांगाडा आणि बॉडी एकसंध असलेली बांधणी, फक्त उंचावलेली. बहुतेकांना फोर व्हील ड्राइव्हही नसतो. मग जास्तीचं वजन, जास्तीचं इंधन आणि महागडे टायर कशासाठी? माझ्या मते निव्वळ रुबाबासाठी.

गुडघेदुखी: असहमत. हॅचबॅकमध्ये बसायचं म्हणजे आधी खाली घसरायचं आणि उतरताना दार धरून स्वतःला वर ओढायचं. उंच सीटवर नुसतं आडवं सरकलं की बसलो. वाकून चाइल्ड सीटचे पट्टे लावताना कंबरेचं काय होतं, ते लावणाऱ्यालाच विचारा.

मधली लेन: उंचीचा दुसरा फायदा म्हणजे पुढच्या दोन-तीन गाड्यांचे ब्रेक लाइट दिसतात. पण पुढचाही क्रॉसओव्हर घेऊन आला की पुन्हा डोळ्यांसमोर त्याची डिकी. मधल्या मध्ये हॅचबॅकवाला मेला! पुढचं काही दिसत नाही आणि मागच्याचे हेडलाइट थेट आरशात. शेवटी तोही उंच गाडी घेतो. याला आवड कसं म्हणणार?

न्यूट्रल: कंपन्यांनाही हेच हवंय. हॅचबॅकच्याच प्लॅटफॉर्मवर, म्हणजे त्याच मूळ सांगाड्यावर क्रॉसओव्हर बनतो, बनवायला थोडा महाग पडतो, विकला जातो बऱ्याच चढ्या भावाने.

झेब्रा क्रॉसिंग: पायी चालणाऱ्यांचा विचार कोणी करतंय का? अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा कंपन्यांच्या रस्ते-सुरक्षा संस्थेचा २०२३ चा अभ्यास आहे. ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांशी तुलना केली, तर ४० इंचांपेक्षा उंच बॉनेटच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता सुमारे ४५ टक्के जास्त.

गुडघेदुखी: ४० इंच म्हणजे मीटरभर. ती पिकअप आणि धिप्पाड एसयूव्हींची गोष्ट झाली. छोट्या क्रॉसओव्हरला त्यात का ओढता?

झेब्रा क्रॉसिंग: पूर्ण वाचा. ३० ते ४० इंचांतही गाडीचं तोंड भिंतीसारखं उभं असेल तर धोका २६ टक्के जास्त. आणि हल्ली डिझाइनवाल्यांना तसंच दणकट तोंड आवडतं.

स्टेपनी: गुडघ्यांसाठी टॉलबॉय गाड्या आहेतच की. सुझुकीची वॅगन आर १९९३ पासून आहे. सीट उंच, लांबी कमी, पार्किंगला सोपी. सगळे गुडघ्यांसाठीच घेत असते तर अशाच गाड्यांची चलती असती.

गुडघेदुखी: तिची डिकी बघितलीत? दोन मोठ्या बॅगा आणि बाबागाडी बसवून दाखवा.

मधली लेन: कधीमधी लागणाऱ्या डिकीसाठी रोज एवढा लोखंडी संसार ओढायचा? तेवढ्यापुरती भाड्याने घ्या.

गुडघेदुखी: आणि भाड्याच्या गाडीत चाइल्ड सीट पुन्हा कोण बसवणार? तुम्ही येता का?