मदत हवी आहे : खंडोबाच्या किड्याची मादी सारखी अंगावर येते, नर सोडावा का?

खंडोबाचा किडा म्हणजे मँटिस; माझी हिरोड्युला प्रजातीची, हिरवी, सुमारे 8 सेंमी. पोटाखाली 6 खंड, म्हणजे मादीच. शेवटची कात टाकून 16 दिवस झाले, पंख पूर्ण आलेत. त्यामुळे कातीआधीचा रुसवा नव्हे. पेटी 20×20×30 सेंमी, वर जाळी. ठिकाण मालवण; पावसाळी दमटपणा आयताच मिळतो, म्हणून फवारा बंद, पाणी काडीने थेंब-थेंब.

5 दिवसांपासून झाकण उघडलं की पुढचे पाय फाकवून पंख उभारते, चिमट्यावर झडप घालते. खाणं एक दिवसाआड एक मोठा रातकिडा. पोट टम्म असतानाही हाच अवतार, तेव्हा नुसती भूक वाटत नाही. (चिमट्यालाच खाऊ समजत असेल, हीही शंका आहे.)

3 दिवस हात लावला नाही, पेटी पंख्याच्या झोतातून हलवली, काचेत प्रतिबिंब दिसू नये म्हणून तिन्ही बाजूंना कागद लावला. फरक शून्य.

अंड्यांची पिशवी अजून नाही. नराशिवायही घालते, ते ठाऊक आहे. नराची शेवटची कात होऊन 20 दिवस झाले. मादी खाण्यात गुंतलेली असताना त्याला मागून सोडायचं, हेही माहीत आहे. अडलंय एवढंच: पंख उभारून धमकावणारी मादी मीलनाला तयार असू शकते का, की पिशवी घालून होईपर्यंत नर वेगळाच ठेवावा?