ऑफिसच्या खुर्च्या बदलायच्यात, शेठना कसं पटवू? (जळगाव)

नमस्कार मंडळी, मी जळगाव एमआयडीसीत एका चटईच्या कारखान्यात अकाउंट्स बघते. आम्ही ऑफिसात सात जण, साडेनऊ ते साडेसहा, आणि 11 तारखेला जीएसटीआर-1 नि 20 ला 3बी (जीएसटीची दर महिन्याची रिटर्न्स) असतं तेव्हा रात्रीचे आठ ठरलेलेच.

खुर्च्या बारा-तेरा वर्षं जुन्या, रेक्झिनच्या. तिघांच्या खुर्चीचा गॅस गेलाय, बसलं की पाच मिनिटांत खुर्ची हळूहळू खाली जाते मग कीबोर्ड छातीशी येतो नि खांदे उचलून टाइप करावं लागतं. माझी वर राहते पण माझी उंची पाच फूट, टेबलाच्या हिशोबाने खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात, म्हणून पायाखाली झेरॉक्सच्या कागदाच्या दोन रिम ठेवल्यात. मे महिन्यात तर 44-45 डिग्री, कूलर असला तरी रेक्झिनला पाठ चिकटते, माणूस आपोआप पुढे सरकून कडेवर बसतो, पाठ टेकणं बंदच.

आमचे सीनियर अकाउंटंट, सगळे आप्पा म्हणतो, यावलकडून रोज बसने येतात. त्यांनी रिजेक्ट मालातला चटईचा एक तुकडा घट्ट गुंडाळून सुतळीने बांधलाय, तो कमरेमागे ठेवून बसतात आणि जाताना ड्रॉवरला कुलूप लावून आत ठेवतात. मागच्या महिन्यात 18 तारखेला दुपारी उठायला गेले तर उठताच येईना, टेबलाला दोन्ही हात लावून तसेच अर्धे वाकलेले, "कंबर गयी वं माय मनी" एवढंच म्हणाले. पाच दिवस घरी होते. आयटीसीचं (खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या वजावटीचं) मॅचिंग त्यांनाच माहीत, 3बी चार दिवस उशिरा गेलं. लेट फी दिवसाला 50 रुपये म्हणजे काही नाही पण टॅक्सवर वर्षाला 18 टक्क्यांच्या दराने व्याज पडलं, आणि शेठ चिडले ते आमच्यावर. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं कारण आप्पांनी कधी काम टाळलेलं मी बघितलेलं नाही.

त्यानंतर मी महिनाभर वहीत लिहून ठेवलं, माझ्या चुकलेल्या एन्ट्र्या किती वाजताच्या. बहुतेक चारनंतरच्या. तेव्हा पाठ इतकी भरून आलेली असते की बिल नंबर दोनदा बघायचा कंटाळा येतो.

शेठ माणूस वाईट नाही हो. लूमचं बेअरिंग वाजलं तरी त्याच दिवशी मिस्त्री बोलावतात. पण खुर्चीचं काढलं की म्हणतात, आमच्या वडिलांच्या वेळी मुनीमजी गादीवर बसून वह्या लिहायचे, कुणाची कंबर दुखली नाही. मला तेव्हा सुचलं नाही, नंतर आठवलं की मुनीमजींच्या पाठीला तक्क्या होता, आणि ते दिवसातून दहा वेळा उठून गोडाऊनला जायचे, नऊ तास माउस धरून बसत नव्हते.

शोधताना एक अभ्यास वाचला, 2003 चा. अमेरिकेतल्या एका राज्याच्या टॅक्स खात्यात काहींना चांगली ॲडजस्टेबल खुर्ची आणि बसायचं ट्रेनिंग दोन्ही दिलं, त्यांची वसुली साधारण 18 टक्क्यांनी वाढली. नुसतं ट्रेनिंग मिळालं त्यांच्यात तसा फरक दिसला नाही. म्हणजे "सरळ बसा" सांगून भागत नाही. हे शेठना दाखवावं का, की परदेशातलं म्हणून उडवून लावतील?

बजेट सातही खुर्च्यांचं मिळून 40 हजारांच्या आत सांगावं लागेल. जाळीची घ्यावी का, आपल्याकडच्या धुळीत टिकते का? आणि नुसता गॅस बदलून मिळतो का?

प्रतिसाद:
ताई, मी भुसावळला फर्निचर रिपेरिंग करतो. गॅस नुसता बदलून मिळतो, बहुतेक खुर्च्यांना एकच साइज बसतो, त्यासाठी नवी खुर्ची घेऊ नका. आपल्या उन्हात जाळीचीच घ्या, फक्त स्वस्तातली जाळी वर्षभरात पोत्यासारखी लोंबते, दुकानात दहा मिनिटं टेकून बसून बघा. तळवे जमिनीला टेकले पाहिजेत, कोपर टेबलाच्या लेव्हलला, गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा. हात ठेवायचे दांडे खालीवर होणारे बघा नाहीतर खुर्ची टेबलाखाली जात नाही. तुमच्या पायाला सुताराकडून उतरता पाट करून घ्या, चार-पाच इंचाचा. आप्पांनी केलंय ते बरोबरच आहे, कमरेच्या खोलगट भागाला आधार हवाच. आणि सात एकदम मागू नका, आधी आप्पांपुरती एक मागा. तुमची ती वही शेठच्या पुढे ठेवा, अमेरिकेचं नंतर.

धागालेखिका:
खूप आभार दादा. वहीचं डोक्यातच आलं नव्हतं. पाट आमच्या पॅकिंगच्या सुताराला उद्याच सांगते. पंधरा दिवस ट्रायलला एक खुर्ची देणारं दुकान जळगावात किंवा भुसावळला कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा, शेठ सोमवारी सुरतहून येताहेत, त्याआधी कोटेशन हातात हवंय.