पांडवलेणी : रोज गच्चीतून दिसतात, पण नीट पाहायची कशी?

गच्चीवाला :
नमस्कार. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ राहायला येऊन आम्हाला सहा वर्षे झाली. सकाळी गच्चीत कपडे वाळत घालताना समोर त्रिरश्मी डोंगर आणि त्याच्या कमरेला ओढल्यासारखी लेण्यांची काळी रेघ दिसते. पाहुणे आले की आम्ही त्यांना पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर दाखवून आणतो, परंतु घरासमोरच्या या डोंगरावर मी शाळेच्या सहलीनंतर पाऊल ठेवलेले नाही, आणि त्या सहलीतले आज आठवते ते फक्त पायऱ्यांवर बसून खाल्लेली पोळी-भाजी. येत्या रविवारी ७२ वर्षांचे वडील आणि सातवीतली मुलगी यांना घेऊन जाण्याचा विचार आहे. वडिलांचे गुडघे दुखतात. त्यांना चढ झेपेल का, आणि सगळी २४ लेणी पाहणे शक्य नसेल तर कोणती चुकवू नयेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सातपूरकर :
लेणी शिखरावर नसून डोंगराच्या मध्यावर आहेत, त्यामुळे पायथ्यापासून सुमारे २०० पायऱ्याच चढायच्या आहेत. पायऱ्या बांधीव आहेत. वडिलांना घाई करू देऊ नका, थांबत थांबत अर्ध्या तासात आरामात पोहोचाल. उन्हापूर्वी निघावे आणि पाणी खालूनच भरून घ्यावे.

चोवीसही लेणी पाहण्याचा हट्ट मात्र धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक जण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे भरभर चालत जातात, दारात उभे राहून फोटो काढतात आणि ‘सगळी सारखीच आहेत’ असे म्हणत खाली उतरतात. आपण १८ क्रमांकाचे चैत्यगृह (बौद्धांचे प्रार्थनास्थान) पाहावे आणि १९ क्रमांकाच्या लहानशा विहारात, म्हणजे भिक्षूंच्या निवासात, डोकवावे, कारण तो सातवाहन राजा कण्ह याच्या काळातला, म्हणजे येथील सर्वांत जुन्यांपैकी एक आहे. उरलेला सगळा वेळ ३ आणि १० या दोन विहारांना द्यावा. ही दोन लेणी म्हणजे दोन राजघराण्यांचे भांडणच आहे. दहावे शक राज्यकर्ता क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने कोरवून घेतले आणि तिसरे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचे, गौतमी बलश्रीचे दान आहे. तिच्या लेखात मुलाचे वर्णन ‘क्षहरातांचा वंश निरवशेष करणारा’ आणि ‘ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले’ असे आहे. क्षहरात म्हणजे नहपानाचेच घराणे. ही नुसती फुशारकी म्हणता येत नाही, कारण १९०६ साली आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभी येथे नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता.

तिसऱ्या लेण्यात आणखी एक मजा आहे, जी सरकारी कार्यालयात खेटे घातलेल्या कोणालाही पटेल. गौतमीपुत्राने १८व्या राज्यवर्षी गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला आज्ञा केली, की उषवदाताच्या ताब्यातले २०० निवर्तने (जमिनीचे जुने माप) शेत भिक्षूंना द्यावे. पुढे २४व्या वर्षी दुसरी आज्ञा निघाली, या वेळी श्यामक या अमात्याला. ते शेत कसले जात नाही आणि ते ज्या गावात आहे ते गावही वसलेले नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या राजाच्या जमिनीतली १०० निवर्तने द्यावीत, असे तीत म्हटले आहे. सहा वर्षांनी दुरुस्ती आणि क्षेत्र निम्मे!

निवृत्त रोखपाल :
सातपूरकरांनी दहाव्या लेण्यातली माझी आवडती ओळ सोडली, म्हणून लिहितो. उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) ‘अक्षय नीवी’ म्हणून ठेवले. मुद्दलाला कधीही हात लावायचा नाही आणि खर्च फक्त व्याजातून करायचा, अशी ही कायमची मुदत ठेव होती. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा १ या दराने आणि दुसरीकडे १,००० कार्षापण शेकडा पाऊण या दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातला मुक्काम) करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी द्यायचे, असे लिहिले आहे. आता मुलीला गणित घालावे. दरमहा २० प्रमाणे वर्षाचे २४० होतात आणि २० भिक्षूंना प्रत्येकी १२ दिले तरी २४०च होतात. एक नाणेही इकडेतिकडे होत नाही. मी आयुष्यभर ताळेबंद जुळवले, पण हा हिशेब दगडात पाहिला तेव्हा मला हात जोडावेसे वाटले. ज्या गोवर्धनचे नाव लेखात येते ते गंगापूरजवळ आजही नांदते आहे.

लेणीप्रेमी :
एक छोटी सूचना. विजेरी अवश्य न्यावी आणि तिचा प्रकाश लेखावर समोरून न टाकता भिंतीलगत बाजूने टाकावा, म्हणजे ब्राह्मी अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि ती उठून दिसतात. अक्षरांना बोट मात्र लावू देऊ नये. पांडवांचा आणि या लेण्यांचा काही संबंध नाही, हेही मुलीला सांगावे. कोरीव लेखांत या डोंगराचे नाव ‘तिरण्हु’ असे येते, त्याचेच संस्कृत रूप त्रिरश्मी.

गच्चीवाला :
सर्वांचे मनापासून आभार. रविवारी जाऊन आलो. वडील चार ठिकाणी बसले, पण चढले. तिसऱ्या लेण्याचा व्हरांडा खांद्यावर तोललेले बुटके यक्ष पाहून मुलगी म्हणाली, “आजोबा, यांचेही गुडघे दुखत असतील.” दहाव्या लेण्यात तिने २४०चा हिशेब मोबाइलवर न करता तोंडी केला. वडील मात्र बराच वेळ गप्प होते आणि उतरताना निम्म्या पायऱ्यांवर थांबून त्यांनी विचारले, “व्याजाचे समजले. पण ते मुद्दल आता कोणाकडे आहे?” रोखपालसाहेब, याचे उत्तर आपणच द्यावे.