वाडा उतरवताना सापडलेली उर्दू पोथी कुठली असेल?

गोदाकाठ_जुनं_नाशिक: आमचा वाडा उतरवताना माळ्यावरच्या ट्रंकेत हाती लिहिलेली पोथी निघाली. पानांना लाल-निळी चौकट, मथळे लाल शाईत. पणजोबा कचेरीत कारकून. मोडी यायची हे ठाऊक होतं, उर्दूचं कुणी बोललं नव्हतं. भद्रकालीतल्या एका चाचांनी थोडी वाचली. दाबशलीम नावाचा राजा, त्याला गोष्टी सांगणारा बिदपाई ब्राह्मण, सिंह-बैलाची मैत्री तोडणारा कोल्हा. पानं फार तुटताहेत, लॅमिनेट करू का?

शाईदौत: लॅमिनेशन अजिबात नको! चिकटपट्टीही नको. आता गोष्टींचं. कोल्ह्याचं नाव दिमना आहे का बघा. असेल तर तो आपला पंचतंत्रातला दमनक, आणि बैल म्हणजे संजीवक. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणात गेलं, आठव्यात इब्न अल-मुकफ्फानं अरबीत आणलं. पंधराव्या शतकात हेरातच्या काशिफीनं फारसीत 'अन्वार-ए-सुहैली' लिहिलं, तेही इतकं अलंकारिक की अकबरानं अबुल फजलकडून सोपं करून घेतलं. उर्दू अवतार एकोणिसाव्या शतकातले: कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजचं 'खिरद अफरोज', नंतर 'बुस्तान-ए-हिकमत'. मुळात हे सगळं राज्य करणाऱ्यांसाठी. आपणच ते बालवाडीत नेऊन बसवलं. पण अशा पोथ्या बहुतेक फारसीत असतात. वाक्यं उर्दूतल्या 'है, था'नं संपतात की फारसीतल्या 'अस्त, बूद'नं, ते चाचांना विचारा.

कसर_लागली: शेवटचं पान पाहा. 'तमाम शुद' (म्हणजे 'संपलं') या शब्दांच्या आसपास नकलनविसाचं नाव आणि हिजरी साल असतं. १२५० असेल तर १८३४-३५. काजळीची शाई पाण्यानं पसरते, म्हणून ओलं फडकं लावू नका. धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात गुंडाळून आडवी ठेवा. पुण्याला भांडारकर संस्थेत विचारा. आणि परदेशी गिऱ्हाईक आलं तर हाकला: पंचाहत्तर वर्षांवरची अशी पोथी १९७२च्या कायद्यानं देशाबाहेर नेता येत नाही.

गोदाकाठ_जुनं_नाशिक: दिमनाच आहे, वाक्यं 'है'नं संपतात. सालावर नेमका डाग. मागच्या कोऱ्या पानावर पणजोबांचा मोडीत बाजरी-तुरीचा हिशेब आहे, म्हणजे पोथी त्यांच्या हाताखालचीच. आई म्हणते विकायची नाही, विषय संपला. आधी सगळ्या पानांचे फोटो काढतो, मग पुणे.

शाईदौत: फ्लॅश बंद ठेवा. आणि ते हिशेबाचं पानही सोडू नका.