एअर फ्रायरमध्ये भाज्या: तुरे करपतात, गाजर कच्चं राहतं

प्रश्न
जेवणात तोंडीलावणं म्हणून फ्लॉवर, ब्रोकोली, गाजर आणि फरसबी एअर फ्रायरमध्ये करायची आहे. बास्केट ४ लिटरची आहे. सगळं एकत्र घालून २०० अंश सेल्सिअसवर १५ मिनिटं ठेवलं की ब्रोकोलीचे तुरे काळे पडतात, गाजर कच्चं राहतं आणि तळाची फरसबी लिबलिबीत होते. तेल किती, तापमान किती, वेळ किती?

प्रतिसाद १
आधी बास्केटमधली गर्दी कमी करा. वरची कॉइल आणि पंखा मिळून गरम हवा खेळवतात, पण ती प्रत्येक फोडीभोवती फिरायला हवी. ढीग रचला की वाफ आतच कोंडते आणि भाजी भाजली न जाता वाफवली जाते. फोडीवर ओल आहे तोवर तिचा वरचा भाग १०० अंशांच्या आसपासच राहतो, आणि खरपूस रंग यायला १४० अंशांच्या वर जावं लागतं. तुमच्या बास्केटमध्ये एका वेळी ३०० ग्रॅम पुरे, जेमतेम एक थर. जास्त हवी असेल तर दोन घाणे करा.

धुतलेली भाजी कापडाने नीट कोरडी करा. ३०० ग्रॅमला २ छोटे चमचे (१० मिली) तेल पातेल्यात घालून हाताने चोळा. बास्केटमध्ये वरून ओतलं तर अर्धं जाळीतून खाली जातं.

एकत्रच करायच्या असतील तर टप्प्याटप्प्याने घाला. तापमान १९० अंश. आधी गाजराच्या १ सेंमी जाड काड्या, ३ मिनिटांनी फ्लॉवरचे ३ सेंमीचे तुरे, आणखी ३ मिनिटांनी फरसबी, त्यानंतर २ मिनिटांनी ब्रोकोली. एकूण १५ मिनिटं. दर वेळी नवी भाजी घालताना बास्केट हलवलं जातंच, ब्रोकोली घातल्यावर उरलेल्या ७ मिनिटांच्या मध्यावर एकदा आणखी हलवा.

प्रतिसाद २
वरचं वेळापत्रक बरोबर आहे, पण ब्रोकोलीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. तिच्या टोकाच्या कळ्या इतक्या बारीक असतात की दांडा शिजायच्या आत त्या वाळून करपतात. तुरा दांड्यासकट उभा दोन भागांत चिरा आणि कापलेली सपाट बाजू खाली ठेवा. कळ्यांना तेल नक्की लागू द्या. नुसती ब्रोकोली करायची तर १८० अंशांवर ७-८ मिनिटं.

मीठ बास्केटमध्ये घालायच्या अगदी आधी लावा. लावून ठेवलं की पाणी सुटतं आणि कोरडं करण्याची मेहनत वाया जाते. बारीक चिरलेला लसूण आणि मध शेवटच्या २ मिनिटांत घाला, नाहीतर भाजीच्या आधी तेच जळून कडू लागतात. लिंबू मात्र बाहेर काढल्यावरच पिळा, आंबटपणामुळे हिरव्या भाज्या शिजताना मळकट होतात.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. फ्रोजन भाज्या आणि बटाटा यांनाही हेच लागू होतं का?

प्रतिसाद ३
नाही, दोन्हींची रीत वेगळी.

फ्रोजन भाजी वितळू देऊ नका, पाणी सुटून ती मऊ पडते. थेट २०० अंशांवर तापलेल्या बास्केटमध्ये पसरा. पहिली ५ मिनिटं बर्फाचं पाणी उडण्यातच जातात. मग बाहेर काढून तेल लावा आणि आणखी ६-८ मिनिटं ठेवा. तरी ताज्या भाजीइतका कुरकुरीतपणा येणार नाही, तेवढी अपेक्षा कमीच ठेवा.

बटाट्याच्या काड्या गार पाण्यात ३० मिनिटं भिजवा, म्हणजे वरचा स्टार्च निघतो आणि त्या एकमेकींना चिकटत नाहीत. पूर्ण कोरड्या करून १८० अंशांवर १२ मिनिटं, मग २०० वर ५-६ मिनिटं. सोनेरी झाल्या की काढा. गडद तपकिरी होईपर्यंत ठेवल्यास ॲक्रिलामाइड (जास्त भाजल्यावर तयार होणारं, आरोग्याला अपायकारक मानलं जाणारं रसायन) वाढतं.

पालकासारखी हलकी पानं सुटी घालू नका, पंख्याच्या वाऱ्याने उडून कॉइलला चिकटतात. बेकिंग पेपरही रिकाम्या बास्केटमध्ये ठेवून फ्रायर तापवू नका, तोही उडून कॉइलवर जळतो. तसाही तो जाळीची भोकं झाकतो, त्यामुळे भाज्यांसाठी न वापरलेलाच बरा.