चोराचा अलार्म: दार लावलं की झोन 'ओपन', उघडलं की 'नॉर्मल'. हे उलटं कसं?

केळीवाला_सावदा
राम राम मंडळी. सावद्याजवळ मळ्याला लागून घर आहे. एप्रिल-मेमध्ये आम्ही सगळे गच्चीवर झोपतो, खाली घर सामसूम. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या गल्लीत माणसं वर घोरत होती आणि खाली कपाट साफ झालं. सकाळी दूधवाल्याने हाक मारली तेव्हा कळलं. म्हणून यंदा केळीचे पैसे हातात येताच चोराच्या अलार्मचा आठ झोनचा, म्हणजे सेन्सरच्या आठ लाइनींचा, वायरवाला पॅनल मागवला. दोन दारांना मॅग्नेटवाले सेन्सर, खोल्यांत तीन पीआयआर, म्हणजे माणसाची हालचाल ओळखणारे सेन्सर. वायर लाइटवाल्याने ओढून दिली, जोडणी मी केली.

आता गंमत बघा. पुढचं सागवानी दार लावलं की झोन 'ओपन' दाखवतो, उघडलं की 'नॉर्मल'. मागचं लोखंडी दार मात्र ठीक आहे, कायम नॉर्मल. मधल्या खोलीतला पीआयआर रात्री कूलर सुरू झाला की बोंबलतो, आणि दुपारी मी स्वतः समोरून चालत गेलो तर त्याचा दिवाही लागत नाही. पॅनलसोबत लाल-लाल-लाल पट्ट्यांचे छोटे रेझिस्टर आले होते, ते कागदावर दाखवल्याप्रमाणे लावलेत. आई म्हणते, एवढ्या पैशात दोन कुत्री पाळली असती.

वायरमन_धुळे
सोपं आहे भो. पॅनलच्या सेटिंगमध्ये त्या झोनला एन.सी.चं (एरवी जुळलेलं) एन.ओ. (एरवी सुटलेलं) करून टाक. उलट्याचं सुलट होईल. पाच मिनिटांचं काम.

सिग्नलवाले_नाना
केळीवाले भाऊ, ते अजिबात करू नका. भुसावळला रेल्वेच्या सिग्नल खात्यात हयात गेली माझी. रुळांच्या ट्रॅक सर्किटमध्ये बारीक करंट सतत फिरतो आणि त्यावर रिले, म्हणजे करंटवर चालणारा स्विच, उचललेली असते. गाडी आली, चाकांनी दोन्ही रूळ जोडले, की रिले पडते आणि सिग्नल लाल. रूळ तुटला तरी पडते, वायर तुटली तरी पडते. बिघाडाने लाल व्हावं, हिरवं कधी होऊ नये. तुमचा झोन तसाच चालायला हवा आणि ते रेझिस्टर त्यासाठीच दिलेत.

लाल-लाल-लाल म्हणजे 2.2 किलोओहम. पॅनल झोनच्या दोन वायरींत तेवढाच रोध शोधत असतो. सापडला तर नॉर्मल. कुणी वायर कापली तर वाट बंद, कुणी दोन वायरी सोलून एकत्र पिळल्या तर रोध शून्य. दोन्ही वेळा तो ओरडतो. आता तुम्ही रेझिस्टर पॅनलच्या पेटीतच, झोनच्या दोन स्क्रूंमध्ये आडवा आवळलाय, बरोबर? मग दार लागलं की चुंबक जवळ येऊन सेन्सरमधला रीड स्विच (चुंबकाने जुळणाऱ्या बारीक पात्या) जुळतो, करंट रेझिस्टर सोडून तिकडून पळतो, पॅनलला शून्य दिसतं. दार उघडलं की वाट उरते ती फक्त रेझिस्टरमधून, म्हणजे 2.2. पॅनल म्हणतो, सगळं आलबेल.

आणि तुमचं मागचं दार 'ठीक' नाही, तेच जास्त बिघडलंय. चौकट लोखंडी, दार लोखंडी, चुंबकाचा जोर लोखंडातच जिरतो आणि रीड जुळतच नाही. म्हणून पॅनलला रात्रंदिवस रेझिस्टरच दिसतो. चोर ते दार खांद्यावर उचलून नेईल तरी नॉर्मल.

रेझिस्टर पेटीतून काढा आणि दाराजवळ न्या. रीडच्या एका वायरमध्ये ओळीने, म्हणजे करंट त्यातूनच जाईल असा, जोडा, सोल्डर मारा, वर हीट श्रिंकची नळी घाला. पेटीपाशीच ओळीने जोडला तरी झोन सुलट दिसेल, पण पुढे वाटेत कुणी शॉर्ट केलं तर पॅनलला पत्ता लागणार नाही. दोन दारं एकाच झोनवर घेणार असाल तर दोन्ही रीड ओळीने आणि रेझिस्टर एकच, सगळ्यात लांबच्या दारात. लोखंडी दाराला रीड आणि चुंबक दोन्हींखाली अर्ध्या इंचाची लाकडी पट्टी द्या, नाहीतर शटरला लावतात तो जाड सेन्सर आणा. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेसचे. जोडणी झाल्यावर पॅनलच्या बाजूने दोन्ही वायरी सोडवून मल्टिमीटर लावा. दार लावल्यावर 2.2 च्या आसपास, उघडल्यावर काहीच नाही, असं आलं की झालं.

वायरमन_धुळे
नाना, मान्य. पैसे कापू नका माझे.

अमळनेरची_सून
कूलरचं आमच्याकडे झालंय. रात्री दीडला सायरन, सासरे काठी घेऊन दोनदा सगळं घर फिरले. शेवटी सापडलं ते असं, की कूलरच्या गार वाऱ्याने पडदा पीआयआरसमोर हलायचा. पडदा बांधून ठेवला, बंद झालं. मग पंधरा दिवसांनी पुन्हा वाजला, तर लेन्सवर कोळी बसलेला. आता वायर शिरते ते भोक सिलिकॉनने बुजवलंय. कुणीतरी ड्युअल सेन्सर घ्या म्हणालं होतं, त्याने फरक पडतो का?

सिग्नलवाले_नाना
ताई, पडदा-कूलरच्या खोट्या बोंबेला फरक पडतो. त्यात पीआयआर आणि मायक्रोवेव्ह दोघांनी 'हो' म्हटलं तरच सायरन. पण दुपारी न दिसण्याचं दुखणं त्याने आपोआप जात नाही, कारण पीआयआर गप्प राहिला की सायरनही गप्प.

केळीवाले, तुमचं तेच दुखणं आहे. पीआयआर स्वतः काही सोडत नाही, अंगाची ऊब मागच्या भिंतीपेक्षा वेगळी दिसली आणि हलली, की त्याला कळतं. आपल्या कातडीचं तापमान 33 ते 35 अंश. मेमध्ये पारा 45 ला टेकतो तेव्हा स्लॅबखालची भिंतही तापून कातडीच्या आसपास येते, मग त्याला माणूस आणि भिंत सारखीच. मध्यरात्रीही स्लॅब लवकर निवत नाही. घेताना 'टेंपरेचर कॉम्पेन्सेशन' (गरमीत स्वतःची नजर तेज करणारा) लिहिलेला घ्या, आणि खोलीच्या कोपऱ्यात सात फुटांवर असा लावा की येणारा त्याच्यासमोरून आडवा जाईल. सरळ अंगावर चालत येणारा त्याला उशिरा दिसतो. तरी खानदेशातल्या उन्हाळ्यात पहिला भरवसा दारांवर ठेवा, पीआयआर दुसरा.

एक विचारायचं राहिलं. लाइटवाल्याने सेन्सरच्या वायरी लाइटच्याच पाइपातून ओढल्यात का?

केळीवाला_सावदा
नाना, हो. त्याच पाइपातून. वेगळा पाइप म्हणजे भिंत फोडावी लागेल म्हणाला.

सिग्नलवाले_नाना
भिंत फोडू नका, पट्टीतून वरून न्या, पण 230 व्होल्टपासून वेगळं करा. तुमची बारीक वायर त्या दाबासाठी बनलेली नाही. एखाद्या ठिकाणी सोलली गेली तर 12 व्होल्टच्या पेटीत थेट लाइट येईल, हात लावणारा तुम्हीच. वर मोटार सुरू होताना सेन्सरच्या वायरीला झटका बसतो तो वेगळाच. कूलरचा निम्मा दोष यातही असू शकतो.

केळीवाला_सावदा
चार दिवसांनी लिहितोय. रेझिस्टर दाराशी नेला, पुढचं दार सुलट झालं. मीटरवर 2.19 आलं. मागच्या दाराखाली खोक्याच्या फळीचा तुकडा दिला, आता उघडलं की लगेच 'ओपन'. वायर पट्टीतून फिरवली, पडदा बांधला. दोन रात्री लाइट गेली होती, 7 एएचच्या बॅटरीवर पॅनल चालू राहिला.

काल रात्री दोनला सायरन वाजला. टॉर्च घेऊन खाली धावलो, तर मागचं दार उघडं आणि दारात आबा उभे, हातात माठातल्या पाण्याचा तांब्या. मला म्हणाले, "आता मी प्यायलाही तुझी परवानगी घेऊ का?" मागच्या दाराला तीस सेकंदांचा एंट्री डिले (दार उघडल्यावर कोड टाकायला मिळणारा वेळ) ठेवलाय, पण आबांना कोड लक्षात राहत नाही. रिमोटची चावी कुणी वापरतं का?